बोटं आमच्या पोरीची, चेंडू त्यांना?

फोंडेकर: परवा फोंड्यात मुलींचा आंतरशालेय बास्केटबॉल सामना. आम्ही एका गुणाने मागे, २० सेकंद शिल्लक. माझी पोरगी बेसलाइनवरून (बास्केटमागची रेषा) आत घुसली, समोरच्या पोरीने हातावर चापट मारली. सट्ट आवाज आम्हाला बाकावर ऐकू आला. चेंडू बाहेर. पंचाने फाउल दिला नाहीच, वर थ्रो-इन, म्हणजे बाहेरून चेंडू आत टाकायचा हक्क, त्यांना! बाहेर घालवला कोणी?

शिट्टीवाला: आवाजावर शिट्टी मारायची तर सामना संपायचाच नाही. चेंडूवर तळवा बसला तरी असाच वाजतो. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमात हात लागला म्हणजे फाउल झालाच असं नाही, त्यातून गैरफायदा घेतला का ते पंचाने ठरवायचं. आणि बाहेर गेला तर शेवटचा स्पर्श कोणाचा, एवढंच.

फोंडेकर: गैरफायदा घेतलाच की! चेंडू सुटला ना हातातून?

कोपऱ्यातला: चेंडू पूर्ण रेषेपार गेला होता का पण?

शिट्टीवाला: तो फुटबॉल, बाबा. इथे रेषाच बाहेर धरतात. चेंडू रेषेला टेकला की संपलं. हवेत रेषेपलीकडे असला तरी आत ढकलता येतो.

सांजखेळ: आपली पोरं अडकली की समोरच्याच्या पायावर चेंडू मारून थ्रो-इन घेतात, तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. नियम तोच. पण मनगटावर बसली असेल तर आधी फाउल, शेवटच्या स्पर्शाचा प्रश्नच उरत नाही. एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, चेंडूवरचा हात चेंडूचाच भाग धरतात. मनगट त्यात येत नाही. आणि पंचांना शंका असेल तर ॲरो आहे, बाण ज्यांच्या बाजूने त्यांना चेंडू. तो दाखवायला आपले पंच लाजतात. दिसलं नसलं तरी ठामपणे हात करून मोकळे!

शिट्टीवाला: लाजतो कसले? पालक रेषेवर पाय ठेवून ओरडत असतात, जरा कचरलो की पुढचा प्रत्येक निर्णय भांडणाचा. मोठ्या स्पर्धांत शेवटच्या २ मिनिटांत असा चेंडू स्क्रीनवर तपासता येतो. आम्हाला दोन डोळे.

फोंडेकर: पोरीला विचारलं. म्हणते, "बोटांवर लागलं, मनगटावर नाही." पण बोटं लालबुंद होती हो.

सांजखेळ: बेसलाइनवरचा पंच कुठे उभा होता? तिच्या पाठीमागे असेल तर दोघींमधली फट त्याला दिसलीच नसणार.

फोंडेकर: पाठीमागेच होता.