नाशिक : दीड टनी एसीचा गॅस दर उन्हाळ्यात संपतो. लीकेज नीट शोधून देणारा मेकॅनिक हवा आहे

नमस्कार मंडळी. पाथर्डी फाट्याजवळ वरच्या मजल्यावर राहतो, पश्चिमेची खोली. सासूबाई ७९ वर्षांच्या, पक्षाघातानंतर अंथरुणावरच असतात आणि ती खोली त्यांची. एसी आमच्यासाठी हौस नाही. स्लॅब तापला की दुपारी तीननंतर त्या खोलीत धडधाकट माणसालाही बसवत नाही, त्यांना तर कूस बदलायलाही मदत लागते.

एसी स्प्लिट, दीड टन, इन्व्हर्टर, सहा वर्षं जुना, गॅस आर-३२. गेल्या आठवड्यापासून सुरू केल्यावर वीसेक मिनिटं बरं वाटतं, मग नुसता वारा. आतलं झाकण उघडलं तर कूलिंग कॉइलच्या एका कोपऱ्यावर बर्फ, बाकी कॉइल कोरडी. गच्चीवर आउटडोअरच्या बारीक नळीवरही बर्फ धरलेला. बंद केला की तो बर्फ वितळून पाणी थेट पलंगाच्या कडेला टपकतं. फिल्टर मी दर पंधरा दिवसांनी धुते, ब्लोअर साफ आहे, बाहेरचा पंखा आणि कंप्रेसर दोन्ही चालू होतात.

मागच्या एप्रिलमध्ये हेच झालं होतं, त्याच्या आदल्या वर्षीही. दोन्ही वेळा मेकॅनिक आले, मीटर लावला, “काकू, गॅस संपलाय” म्हणाले आणि अर्ध्या तासात भरून गेले. यंदाही तेच उत्तर मिळालं तेव्हा मी विचारलं, संपतो म्हणजे जातो कुठे? तो काही स्कूटरमधलं पेट्रोल नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस फिरत राहतो. कमी झालाय म्हणजे कुठेतरी छिद्र आहे, आणि ते न शोधता वरून गॅस ओतणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. यावर ते म्हणाले, “सगळे असंच करतात.” मी यंदा भरू दिला नाही.

दुसऱ्या मेकॅनिकनी न तपासताच सांगितलं की कॉइल गेली, नवा एसीच घ्या. कदाचित खरंही असेल. दोन वर्षांपूर्वी त्याच खोलीत प्लायवूडचं कपाट करून घेतलं होतं, महिनाभर गोंद आणि पॉलिशचा वास होता. अशा वासांतून सुटणाऱ्या आम्लांमुळे तांब्याच्या नळीला बाहेरून आत मुंग्यांच्या वारुळासारखी बारीक भोकं पडत जातात, डोळ्यांना दिसत नाहीत, असं वाचलं. पण गॅस त्याआधीही एकदा कमी झाला होता, म्हणून मला जोडावरच्या नटांचाही संशय आहे. कंप्रेसरची वॉरंटी शिल्लक आहे, कॉइलची नाही.

मला असा माणूस हवाय जो नळ्यांत नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते पाहील, इनडोअर आणि आउटडोअर वेगवेगळे करून तपासेल, दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा काढेल आणि आउटडोअरच्या पट्टीवर लिहिलंय तेवढाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरेल. आर-३२ पेट घेऊ शकतो, त्यामुळे आत गॅस असताना नळी जोडायची ज्योत पेटवणारा नको. सिडको, इंदिरानगर, अंबड, नाशिकरोड, कुठूनही चालेल. तुमच्याकडे हे काम स्वतः समोर उभं राहून पाहिलेलं असेल तरच नाव सुचवा, आणि नंबर इथे न टाकता व्यक्तिगत निरोपात द्या.

आणखी एक. कॉइल बदललेली कुणाची सहा-सात वर्षांची मशीन पुढे नीट चालली का? किती खर्च आला, नव्याच्या तुलनेत परवडलं का? खोट्या आशेपेक्षा स्पष्ट नाही ऐकायला मला चालेल.

तोवर शेजाऱ्यांचा कूलर आणून खिडकीत ठेवलाय. नाशकातली एप्रिलची हवा कोरडी, त्यामुळे दुपार निभते. पण जूनमध्ये हवेत दमटपणा आला की कूलरचा उपयोग संपेल, म्हणून त्याआधी हे मार्गी लावायचंय.

आज ऊन उतरल्यावर मेन स्विच बंद करून गच्चीवरच्या दोन्ही नटांना साबणाचा फेस लावून बघणार आहे. तिथे तेलकट डाग आहे असं काल वाटलं होतं. बुडबुडे आले तर फोटो टाकते. त्याआधी अजून काही बघायला हवं असेल तर सहाच्या आत सांगा.