मदत हवी आहे : 'कि' आणि 'सा' हुबेहूब काढूनही चूक का येते?

रानजाई
जपानीचा वर्ग लावून तीन आठवडे झाले. रोज दोन पानं गिरवते, तरी 'कि', 'सा' आणि 'रि'वर दर वेळी लाल खूण. तक्त्याशी ताडून पाहिलं, तंतोतंत तसंच आहे. उद्या संध्याकाळी चाचणी आहे आणि सेन्सेईंचा (शिक्षकांचा) फोन लागत नाहीये. कृपया लवकर सांगा.

ताकभात
जपानीच्या दोन अक्षरलिप्यांपैकी कुठली, हिरागाना की काताकाना? तक्ता कुठला? फोटो टाका.

बोरीबंदर
लिहिण्यात वेळ घालवू नका. जेएलपीटी या जपानीच्या परीक्षेत एन-५ला, म्हणजे सर्वांत सोप्या पातळीला, हाताने एक अक्षरही लिहावं लागत नाही, सगळे पर्याय असतात. मी नुसतं वाचन करून पास झालो.

जुनी शाई
बोरीबंदर, त्यांनी जेएलपीटीचं विचारलेलंच नाही. आणि गिरवल्याशिवाय 'नु'-'मे' किंवा 'ने'-'रे'-'वा' यांतला फरक डोक्यात बसत नाही, हा माझा अनुभव. वाचतानाही अडायला होतं.

सह्यकडा
आपल्याला तर सोपं आहे हो. आ-इ-उ-ए-ओ, मग का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा. हा क्रम संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातूनच तिकडे गेला. उच्चारही देवनागरीत लिहून ठेवा. 'त्सु' म्हणजे आपल्या चुलीतला 'चु'.

जुनी शाई
'चु'चं पटलं. पण क्रम आपला असला तरी बाराखडी नाही. का, कि, कु, के, को ही पाच वेगळी चित्रं आहेत, काना-मात्रा लावून एकातून दुसरं होत नाही. मूळ हिरागाना ४६, ती पाठच करायची. वर उजवीकडे दोन छोट्या रेघा दिल्या की 'का'चा 'गा', 'ता'चा 'दा' होतो, तेवढीच काय ती सवलत. आणि अक्षराखाली देवनागरी लिहिली की डोळा तिच्यावरच जातो.

रानजाई
हिरागानाच. फोटो चढत नाहीये. तक्ता मोबाईलवरचा. 'कि' असा काढते : दोन आडव्या रेघा, त्यांना छेदणारी तिरकी, आणि तीच न उचलता खाली वळवून वाटीसारखी.

ताकभात
'न उचलता', इथेच चुकतंय! छापील टंकात ते जोडलेलं दिसतं, हाताने लिहिताना तोडतात. तिरकी रेघ संपली की पेन उचला, थोडी जागा सोडा, मग खालची वाटी. म्हणजे 'कि'चे चार स्ट्रोक, 'सा'चे तीन. 'रि'च्याही दोन रेघा सुट्या. मोबाईलवरून गिरवू नका. 'क्योकाशो-ताइ' नावाचा शालेय पुस्तकांचा टंक असतो, त्यातला तक्ता शोधा. त्यात अक्षरं हाताने लिहितात तशी असतात.

सह्यकडा
अवांतर : जुलैच्या जेएलपीटीचे फॉर्म निघाले का? भाचीला बसायचंय.

बोरीबंदर
माहीत नाही. पण 'कि' तुटका असतो हे मला आजच कळलं, वाचताना कधी अडलं नाही. तरी वर्गात लिहायला लावत असतील तर ताकभात म्हणतात तसंच करा.

रानजाई
वही परत उघडली. प्रत्येक 'कि'मध्ये लाल गोल बरोबर त्या जोडावर आहे, मी तो अख्ख्या अक्षराला समजत होते. आत्ता पेन उचलून एक ओळ काढली. ताकभात, खूप आभार. आता 'सा' घेते. 'फु' पण असाच तोडायचा का? माझ्या तक्त्यात तोही मध्ये जोडलेला आहे.

ताकभात
हो. चार स्ट्रोक, सगळे सुटे.