जुनं व्हिक्टरी रिव्हॉल्व्हर: आतले नंबर जुळत नाहीत, मूळ भाग कुठले ते कसं ओळखू?

पेनसिल्व्हेनियाकर:
नमस्कार मंडळी. माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होते, इटलीच्या आघाडीवर. साहेबाच्या कमरेच्या .३८ ची गोष्ट त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली, की ब्रिटिश फौजेकडे गेलेलं एखादं रिव्हॉल्व्हर आपल्या घरात असावं अशी फार वर्षांची इच्छा होती. मागच्या महिन्यात गावातल्याच दुकानात मिळालं. स्मिथ अँड वेसनचं व्हिक्टरी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं लष्करी मॉडेल. मुठीच्या तळाला 'व्ही' आणि पुढे सहा आकडे. दोन इंची नळी, आरशासारखं निकेल, मोतिया प्लॅस्टिकची मूठ. दुकानदार म्हणाला, कंपनीतून निघालं तसंच आहे. ४२५ डॉलर मोजले.

घरी पुसायला घेतलं, सिलिंडर बाहेर काढला, तर ज्या दांड्यावर तो उघडतो त्या योकवर वेगळाच पाच आकडी नंबर. शेजारी फ्रेमच्या खाचेतही तोच. तळाच्या नंबराशी काडीचाही संबंध नाही. म्हणजे फ्रेम एकाची आणि बाकीचं दुसऱ्याचं असं आहे का? दोन रात्री नीट झोप नाही. चालवायला छान आहे. .३८ स्पेशलची २४ काडतुसं झाडली, पुंगळ्या जरा घट्ट निघतात आणि बुडाशी फुगलेल्या दिसतात, एक उभी चिरली. पण माझा प्रश्न नंबरांचा आहे.

जुना_फिटर:
आधी ते .३८ स्पेशल बंद करा. आजच. नंबरांचं नंतर सांगतो.

नळीच्या उजव्या बाजूला काय कोरलंय ते बघा. '३८ एस. अँड डब्ल्यू. सीटीजी' असेल आणि मध्ये 'स्पेशल' हा शब्द नसेल, तर ते ब्रिटिश .३८/२०० साठी, म्हणजेच .३८ एस अँड डब्ल्यू काडतुसासाठी केलेलं आहे. नावं सारखी, काडतुसं वेगळी. .३८ एस अँड डब्ल्यूची पुंगळी आखूड, पण ०.३८६ इंच जाड. स्पेशलची लांब आणि ०.३७९. ब्रिटिश सिलिंडरमध्ये स्पेशल पूर्ण आत जात नाही. म्हणून युद्धानंतर ही रिव्हॉल्व्हरं ढिगाने अमेरिकेत परत आली, तेव्हा व्यापाऱ्यांनी सिलिंडरच्या घरांमध्ये, म्हणजे काडतुसांच्या भोकांमध्ये, रीमर (भोक कोरायचं हत्यार) फिरवून ती खोल केली. खोली वाढली, मागची रुंदी मात्र पहिलीच राहिली. बारीक पुंगळी त्या रुंद भागात पसरते, पोट सुटतं आणि कधी चिरते. नळीची आतली मापंही .३६१ च्या गोळीची, स्पेशलची .३५८ ची गोळी त्यात सैल जाते. चिरलेली पुंगळी टाकू नका, गनस्मिथला दाखवायला लागेल.

आता नंबर. योकवरचा आणि खाचेतला नंबर हा सीरियल नव्हेच. कारखान्यात फ्रेम, योक आणि बाजूची प्लेट एकत्र घासून बसवत, पॉलिशला पाठवताना त्यांची ताटातूट होऊ नये म्हणून तिघांवर एकच जुळणी-नंबर ठोकत. योक आणि खाच जुळतायत ही आनंदाची गोष्ट आहे. खरा सीरियल मुठीच्या तळाला, सिलिंडरच्या मागच्या तोंडावर, नळीच्या पोटाला इजेक्टर दांडीमागच्या सपाटीवर आणि मूळ लाकडी मुठीच्या उजव्या फळीच्या आतून असतो. सिलिंडर उघडून टॉर्चने बघा.

निकेल कारखान्याचं नाही, हे न बघताच सांगतो. व्हिक्टरीला युद्धकाळातला मंद करडा-काळा मुलामा असे. शांततेच्या काळात कंपनी निकेल करायची तेव्हाही घोडा आणि चाप त्यातून वगळायची. त्यांच्यावर भट्टीतल्या कठीणीकरणाच्या निळ्या-तपकिरी छटा असायच्या. तुमचा घोडा पांढरा चकचकीत असेल तर मुलामा बाहेरचा.

नळीबद्दलही शंका आहे. ब्रिटनला गेलेल्या बहुतेकांना पाच इंची नळी. समोरची माशी (नेम धरायचा उंचवटा) नळीतूनच घडवलेली आहे की डाग देऊन चिकटवलेली? सिलिंडर बंद केल्यावर इजेक्टर दांडीचं पुढचं टोक नळीखालच्या कुत्र्यात अडकतं का? (आम्ही फिटर लोक त्या अडकवणाऱ्या तुकड्याला कुत्रा म्हणतो.)

पेनसिल्व्हेनियाकर:
बघितलं. घोडा पांढराशुभ्र. 'स्पेशल' शब्द नाही. कोरलेली अक्षरं अगदी तोंडाशी येऊन अर्धवट तुटलीत. माशीच्या बुडाशी डागाची पिवळट रेघ आहे. दांडीचं टोक मोकळं, बोटाने हलतं. तळाला दोरीच्या कडीचं भोक बुजवून घासलंय.

पण सिलिंडरच्या मागच्या तोंडावर तळाचाच नंबर आहे! नळीच्या पोटाला शेवटचे तीन आकडे निकेलखाली वाचता येतात, तेही जुळतात. आणि सिलिंडरच्या खाचांच्या मधे, भिंगातून, बारीक मुकुट आणि खाली 'बीएनपी'. प्रत्येक घरावर एक, सहाच्या सहा. कितीतरी वेळ बघत बसलो.

जुना_फिटर:
तो बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचा, म्हणजे हत्यारं दाबाखाली तपासणाऱ्या संस्थेचा ठसा. फौजेतून काढून बाजारात विकायच्या आधी तिथे मारत. तुमचं रिव्हॉल्व्हर ब्रिटनला जाऊन आलंय, हे पक्कं. नळीवर बहुधा '.७६७' (पुंगळीची लांबी) आणि '३½ टन' (दाब) असेही ठसे होते, ते कापलेल्या तुकड्याबरोबर किंवा पॉलिशच्या चाकाखाली गेले असतील.

थोडक्यात, फ्रेम, योक, सिलिंडर, नळीचा मागचा भाग मूळचे. मूठ, मुलामा, माशी परकी, आणि सिलिंडर मूळचा असून बिघडवलेला. १९५०-६० च्या दशकांत असे हजारो कापले, टपालाने विकले. अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक कायद्याने तो धंदा थांबला. दुकानदाराला कापलेली नळी दाखवून काही पैसे परत मागा. दांडी पुढून मोकळी असताना गनस्मिथने टायमिंग (घर नळीसमोर नेमकं येतं का ते) तपासल्याशिवाय काहीच झाडू नका, .३८ एस अँड डब्ल्यूसुद्धा.

सातारारोड:
माजी सैनिक आहे. आपल्याकडे साध्या परवान्यावर .३२ मिळतं, माझं कानपूरचं आहे. परवान्यावरचा नंबर आणि फ्रेमवरचा नंबर एक आहे ना, एवढंच सगळे बघतात. आतला भाग बदललाय का, ते विकत घेताना कुणी बघत नाही. मी स्क्रूच्या खाचा बघतो. कडा फाटलेल्या असतील तर आत कुणाचा तरी हात गेलेला आहे.

जुना_फिटर:
बरोबर. आणि पेनसिल्व्हेनियाकर, उघडायची वेळ आलीच तर प्लेट पात्याने उचकटू नका. स्क्रू काढून मुठीच्या सांगाड्यावर लाकडी दांड्याने हलके ठोका, आपसूक वर येते. कुठला स्क्रू कुठला ते लिहून ठेवा, योक धरणारा पुढचा स्क्रू त्याच जागेसाठी घासलेला असतो.

पेनसिल्व्हेनियाकर:
नळीला आता हात लावत नाही. आजोबांसाठी अक्रोडाची साधी, गुळगुळीत मूठ तरी बसवू का?

जुना_फिटर:
जरूर. त्या काळची जुनी मिळते, आतून दुसऱ्याच रिव्हॉल्व्हरचा नंबर असेल. तो खोडून आपला ठोकू नका. चिठ्ठीवर 'मूठ नंतर बसवली' लिहून आत ठेवा.