डक हंटचा कुत्रा नव्या गेममध्ये भेटला! तुम्हाला कोण कोण भेटलं? (अनुभव धागा)

गोदाकाठची
परवा भाचा राहायला आला होता, टीव्हीला निन्टेन्डोचं स्विच हे गेम मशीन जोडून स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट खेळत होता, वेगवेगळ्या गेममधली पात्रं एकमेकांशी लढतात तो गेम. मी मेथी निवडत बसलेले, लक्षही नव्हतं. सहज मान वर केली तर समोर तोच कुत्रा, आपला डक हंटचा, बदकं टिपायच्या त्या गेमचा! पाठीवर बदक घेऊन मारामारी करतोय आणि मधेच थांबून हसतोय. भाचा म्हणे, आत्या तुला हा कसा माहीत? अरे नव्वदच्या दशकात घरोघरी तो टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम आणि सोबत प्लॅस्टिकची बंदूक, आमचा अख्खा मे महिना त्यावर जायचा.

मग त्याला परत परत तोच कुत्रा घ्यायला लावला. तो एक डबा पुढे उडवतो आणि तो डबा गोळ्या लागून हवेत उसळत राहतो. डबा डक हंटचा नाहीच, होगन्स ॲलीचा आहे! तबकडी फेकतो ती डक हंटच्या गेम सी मधली, तबकड्या टिपायच्या भागातली. हाकेसरशी काउबॉय येतात ते वाइल्ड गनमॅनचे, पाच वेगवेगळे, प्रत्येकाचा गोळी झाडायचा वेग वेगळा. बंदुकीने खेळायचे १९८४ चे तीन गेम एकाच कुत्र्यात भरलेत. पण मला सगळ्यात जास्त काय भिडलं सांगू, डब्यावर गोळी झाडणारा माणूस कुठे दिसतच नाही. गोळी येते पडद्याच्या अलीकडून, म्हणजे आपण सतरंजीवर बसून बंदूक रोखायचो तिथून. बनवणाऱ्याने आपल्यालाही त्या खेळात घेतलंय हो.

तुमचं असं जुनं कोणी नव्या गेममध्ये अचानक समोर आलंय का? लिहा प्लीज.

पंचगंगा८३
स्ट्रीट फायटरचा रिऊ. दुसरं नाव नाही. स्टँडच्या मागे पार्लर होतं, रुपयाचं टोकन, स्ट्रीट फायटर टू, मागे रांग. त्या मशीनला सहा बटणं, तीन बुक्क्यांची तीन लाथांची. आता स्मॅशमध्ये एवढी बटणं नसतातच तर स्मॅश बनवणाऱ्या साकुराईने काय केलंय, बटण नुसतं टेकवलं की हलका फटका, दाबून धरलं की जोराचा. आणि बी बटणावर हाडोकेन, म्हणजे हातातून सुटणारा त्याचा गोळा, साधा निघतो पण काठी खालून पुढे फिरवून सोडलात तर जास्त जोराचा निघतो!! २०१५ मध्ये पहिल्यांदा मित्राकडे खेळलो, कुणी सांगितलं नव्हतं, अंगठा आपला आपण फिरला आणि निघाला. मी ओरडलोच. मित्राची बायको आतून पळत आली काय झालं म्हणून

वाईकरीण
आमच्याकडे आईचं एकच पालुपद, पिक्चर ट्यूब जाईल, पिक्चर ट्यूब जाईल. कॅसेटला फुंकर मारणारे हात वर करा 🙋‍♀️

पंचगंगा८३
🙋‍♂️ फुंकर, मग शर्टाला पुसणे, मग परत फुंकर

गोदाकाठची
@वाईकरीण सगळ्या आयांचं ठरलेलं होतं बहुतेक

बोटवाल्याचा पुतण्या
काका बोटीवर होते, त्यांनी आणलेला गेम अँड वॉच, म्हणजे निन्टेन्डोचा खिशात मावणारा जुना गेम, अजून आहे घरी. ऑइल पॅनिक, १९८२ चा, पुस्तकासारखा उघडतो, वर एक पडदा खाली एक. वरच्या पडद्यात पाइपमधून तेलाचे थेंब गळतात ते बादलीत झेलायचे, बादलीत तीनच थेंब मावतात, मग ती खिडकीतून खाली ओतायची, खाली साहेब पिंप घेऊन येरझारा घालतोय त्याच्या पिंपातच पडायला हवं, नाहीतर गिऱ्हाइकाच्या डोक्यावर.

तर स्मॅशमधला तो काळा सपाट माणूस, मिस्टर गेम अँड वॉच, २००१ च्या 'स्मॅश ब्रदर्स मेले' या गेमपासून आहे. तो बादली पुढे धरतो, समोरच्याने फेकलेले आगीचे नाहीतर विजेचे गोळे त्यात झेलतो, आणि तीन झाले की ओततो. तीनच! मी काकांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं, ते म्हणाले "अरे ही माझी बादली." त्याचा प्रत्येक फटका असाच कुठल्यातरी गेममधून आलाय. हातोडा मारला की डोक्यावर १ ते ९ आकडा येतो तो जज, तव्यावरून खाणं उडवतो तो शेफ, पाणबुड्याचं शिरस्त्राण ऑक्टोपसचं. शिवाय तो चालतो पण तुटक तुटक, मधली हालचालच नाही, जुन्या एलसीडीवर आकृत्या एकीकडे विझून दुसरीकडे उमटायच्या ना तसा. बाकी सगळे गुळगुळीत धावतायत आणि हा एकटा १९८० मध्येच. मला तो फार आवडतो.

शेंगदाणाचटणी
त्याच्याच मशालीच्या फटक्यावरून २०१८ मध्ये वाद झाला होता. फायर अटॅक या १९८२ च्या गेममध्ये हल्ला करणारे अमेरिकेतले मूळनिवासी दाखवले होते, डोक्याला पीस लावून. अल्टिमेटच्या आधीच्या व्हिडिओत तेच पीस जसंच्या तसं आलं, लोकांनी हरकत घेतली, निन्टेन्डोने माफी मागून पीस काढलं. मला वाटतं बरोबर केलं. जुनं आठवणीने आणायचं तर काय ठेवायचं काय नाही हेही बघायला हवं. मशाल आहेच की अजून, ओळखणारा ओळखतो.

बोटवाल्याचा पुतण्या
हो बरोबर. माझं काही अडलं नाही त्या पिसावाचून

मिरजकर
बंदुकीचं कुणी सांगेल का, माझ्याकडे जुनी आहे, नवीन टीव्हीवर चालत नाहीये, बिघडली का

पंचगंगा८३
@मिरजकर बिघडलेली नसेल. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, नळीच्या आतला सेन्सर तो उजेड पकडतो. हे सगळं जुन्या ट्यूबच्या टीव्हीच्या वेळेवर बांधलेलं आहे. एलईडी टीव्ही चित्र जरा उशिरा दाखवतो, तेवढ्यात चुकतं. जुना डबा टीव्ही मिळाला तर लावून बघा

मिरजकर
अच्छा!! भंगारवाल्याकडे बघतो उद्याच. धन्यवाद भाऊ

पावसाळी
लिहू की नको असं चाललं होतं. डक हंटमध्ये एक बदकवाला खेळ असतो ना, त्यात दुसऱ्याला रिमोटने ते बदक हलवता येतं. दादा माझ्या मागे रिमोट घेऊन बसायचा. मी नेम धरला की बदक बरोब्बर बाजूला. मी रडकुंडीला आले की मग तो बदक सरळ मधोमध आणून ठेवायचा, आणि मी मारलं की सगळ्या वाड्यात सांगत सुटायचा की हिचा नेम बघा. दादा कोविडमध्ये गेला. त्याचा मुलगा आता स्मॅशमध्ये डक हंटच घेतो, त्याला यातलं काहीच माहीत नाही, त्याला फक्त तो कुत्रा आवडतो. गोदाकाठची ताई, तुम्ही लिहिलंत ना की गोळी पडद्याच्या अलीकडून येते, ते वाचून थांबले मी. या रविवारी त्याला हे सगळं सांगणार आहे.

वाईकरीण
अगं 🫂 सांगच त्याला. नेमाचं पण सांग.

गोदाकाठची
पावसाळी, काय लिहू गं. जमलं तर त्याला रिमोट हातात देऊन दाखव बदक कसं हलवायचं ते.

पावसाळी
हो ताई ❤️

बफेलोमधली मावशी
इथे बर्फ पडतोय, घरातच आहोत, म्हणून मोठं लिहिते. माझा मुलगा स्मॅशमध्ये पॅकमॅन घेतो. फळ फेकताना क्रम बघा, चेरी, स्ट्रॉबेरी, संत्रं, सफरचंद, खरबूज, मग गॅलॅक्झियन या गेममधलं जहाज, घंटा, किल्ली. १९८० च्या पॅकमॅनमध्ये पातळी चढत गेलं की ह्याच क्रमाने यायची! आणि उडी मारायला तो खाली ट्रॅम्पोलिन टाकतो, ती मॅपी या गेममधली, म्हणजे तो उंदीर पोलीस, ९९९९ गेमवाल्या कॅसेटमध्ये असायचा बघा. उड्या मारल्या की रंग बदलत लाल होते आणि मग तुटते, अगदी तसंच ठेवलंय. मुलगा म्हणतो आई तुला क्रम पाठ कसा. सोलापूरला आमच्या शेजारी मशीन होतं भाड्याचं, तासावर, आम्ही बहिणी पैसे जमवून खेळायचो. बरं कुणाला बाजरीचं पीठ टिकवायचा उपाय माहितेय का, इथे मिळालं तर कडूच निघतं

शेंगदाणाचटणी
फ्रीजरमध्ये ठेवा मावशी, आणि थोडंच आणा. बाजरी पटकन कडू होते.

सायकलवाला
बलून फाइट कुणालाच आठवला नाही?? अ‍ॅनिमल क्रॉसिंग या गेमचा व्हिलेजर स्मॅशमध्ये वर जाताना डोक्याला दोन फुगे बांधून उडतो, समोरच्याने एक फोडला की उडणं कमी होतं, दोन्ही फोडले की खाली. त्या चालीचं नावच बलून ट्रिप आहे, जुन्या गेममधल्या एकट्याने खेळायच्या भागाचं. आणि बलून फाइटचं प्रोग्रामिंग सातोरू इवाता यांनी केलेलं, तेच पुढे निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले, आणि पहिल्या स्मॅशचा कच्चा नमुना त्यांनी आणि साकुराईनेच मिळून उभा केला होता. इवाता २०१५ मध्ये गेले. मी ते फुगे बघितले की त्यांचीच आठवण येते, मुद्दाम ठेवलेत की नाही कोण जाणे पण मला येते.

पंचगंगा८३
हे माहीत नव्हतं. भारी. आता बॉम्बरमॅनबद्दल बोला कुणीतरी, एवढा आपला माणूस आणि अल्टिमेटमध्ये नुसता मदतीला येतो, बॉम्ब ठेवतो आणि जातो. त्याला खेळायला द्यायला हवा होता

सायकलवाला
+१००. चार जण, दोन रिमोट, हरेल तो उठेल. त्याला नक्की घ्यायला हवं होतं

मिरजकर
भंगारवाल्याकडे १४ इंची टीव्ही आहे म्हणे, ३०० सांगतोय. घेऊ का?

वाईकरीण
घ्या!!! पण आधी तिथेच लावून बघा, पिक्चर ट्यूब ठीक आहे ना ते