दिल्लीची खरेदी: तुमचे अनुभव लिहा

कृष्णाकाठची: धाकट्या जाऊबाई काल गोवा एक्सप्रेसने दिल्लीला गेल्या. त्यांचा दशम्यांचा डबा भरताना आमची जुनी दिल्लीवारी आठवली. सासूबाईंना खारी बावली ह्या मसाल्याच्या बाजाराचीच ओढ. गल्लीत शिरल्यापासून मिरचीच्या खाटानं सगळे शिंकतोय, आणि ह्या वेलदोडे हुंगण्यात दंग! वर हौसेनं हळकुंडंही घेतली. सांगलीत आल्यावर मामंजींनी एक मोडून पाहिलं. "अगं, ही राजापुरी. आपल्याच मार्केट यार्डातनं गेलेली असणार!" तुम्ही काय काय आणलंत?

वाईकर: 😂😂 बेदाणे घेतले नाहीत ना? ते तासगावचे निघायचे.

माणदेशी_पोरगी: सरोजिनीनगर, लाजपतनगर, करोलबाग हे बाजार सोमवारी बंद. चांदनी चौक रविवारी. आधी वार बघा, मग बाकीचं. सरोजिनीत एक्स्पोर्टचा उरलेला माल असतो. शिवण, चेन, डाग तिथंच उजेडात बघून घ्यायचे. भाव निम्म्याच्या खालूनच सुरू.

विटेकर: चांदनी चौकात कूचा महाजनीत जावा. तिथले सोनं-चांदी गाळणारे गलाईवाले आपलेच. "पाव्हणं, गाव कुठलं?" ऐकलं की निम्मा शीण जातो. तिथल्या माझ्या चुलत्यांनी आधी जेवायला घातलं, मग सोबत एक पोरगं दिलं. बहिणीच्या लग्नाची गोटापट्टी, लेस सगळं किनारी बाजारातनं. पैंजण दरीबा कलानमधनं. भाव त्या पोरानं केला, मी नुसत्या पिशव्या धरल्या. २०२१ पासून चांदनी चौकाच्या मुख्य रस्त्यावर दिवसा गाड्या बंद हायत, मेट्रोनं जावा.

कराडची_वहिनी: लेस मीटरवर देतात का? का अख्खी गुंडाळीच? गॅसवर दूध आहे, येते.

विटेकर: घाऊकवाले गुंडाळीच देत्यात. किरकोळवाले पण हायत, विचारायचं.

जुनी_पानं: रविवारचा दर्यागंजचा पुस्तकबाजार कुणीच कसा काढला नाही? फुटपाथवरचा २०१९ मध्ये उठवला, आता आसफ अली रोडला महिला हाटमध्ये भरतो. किलोवर पुस्तकं! बायको म्हणाली, रद्दी विकायची का विकत घ्यायची ते एकदा ठरवा.

माणदेशी_पोरगी: जुनी_पानं, तुमच्या घरच्या वहिनी बरोबर बोलल्या 😄 आईला घासाघीस जमत नाही. तिला बाबा खडकसिंग मार्गावरच्या सरकारी एम्पोरियममध्ये सोडलं. ठरलेले भाव, निवांत काम. दिल्ली हाटही छान आहे, आयएनए मेट्रो स्टेशनला लागूनच, तिकीट काढून आत. पण तिथं आम्ही खाण्यावरच जास्त उडवले.

वाईकर: अवांतर: भाऊ दिल्लीत असतो. एवढ्या प्रवासात कंदी पेढे टिकतील का?

कराडची_वहिनी: टिकतात की, खवा चांगला भाजलेला असतो. डब्यातली पोरं टिकू देतील का ते बघा.

वाईकर: साताऱ्यात कुठून घेता? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.