क्रोमियम गंजत नाही, याचे खरे कारण

क्रोमियमची ऑक्सिजनशी अभिक्रियाच होत नाही, म्हणून स्टेनलेस स्टील गंजत नाही, असा एक समज आहे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. क्रोमियम ऑक्सिजनशी इतक्या तत्परतेने संयोग पावते, की पोलादात ते सुमारे १०.५ टक्के किंवा अधिक असल्यास पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा, डोळ्यांना न दिसणारा ऑक्साइडचा घट्ट थर तयार होतो आणि तोच आतील लोखंडाचे रक्षण करतो. काथ्याने घासताना स्टीलच्या डावावर ओरखडा उठला, तरी हवेच्या संपर्काने तेथे हा थर पुन्हा धरतो. लोखंडाचा गंज मात्र सच्छिद्र असल्याने पापुद्रे सुटत राहतात.

क्रोमियमचा अणुक्रमांक २४, वितळणबिंदू सुमारे १९०७ अंश सेल्सिअस, ही माहिती कोष्टकात मिळतेच. मला अधिक मोलाचे वाटतात ते याच्या संयुगांचे रंग. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होक्लँ यांनी १७९७ मध्ये सायबेरियातील तांबड्या खनिजात हे मूलद्रव्य शोधले आणि त्याला नावही रंगवाचक ग्रीक शब्दावरूनच मिळाले. पोटॅशियम डायक्रोमेटच्या नारिंगी, आम्लयुक्त द्रावणात भिजवलेला कागद सल्फर डायऑक्साइडमध्ये धरला की हिरवा होतो, कारण +६ ऑक्सिडीकरण अवस्थेतील (म्हणजे जणू सहा इलेक्ट्रॉन गमावलेले) क्रोमियम +३ मध्ये येते. यांपैकी +६ संयुगे विषारी व कर्करोगकारक आहेत, म्हणून हा प्रयोग हातमोजे घालूनच करावा.