नॉन-फिक्शनमधली भाषा अ‍ॅनलाइज कशी करायची?

जीसीएसई (इंग्लंडमधली आपल्या दहावीसारखी परीक्षा) इंग्लिश, एक्यूए बोर्ड (तिथलं एक परीक्षा मंडळ), पेपर २. तिसरा प्रश्न १२ मार्कांचा, त्यात दरवेळी अडकते. मेटाफर (रूपक), सिमिली (उपमा) सगळं ओळखते, कोटही देते, तरी सर लिहितात ‘इफेक्ट कुठाय?’ म्हणजे नक्की काय लिहायचं?

उत्तर १:
नाव ओळखणं ही नुसती सुरुवात आहे गं. समजा लेखकाने लिहिलंय ‘द क्राउड स्वॉलोड हिम’. इथे ‘स्वॉलोड’ या एकाच शब्दावर थांब. गिळणं म्हणजे एका घोटात गायब, चावणंसुद्धा नाही, म्हणजे गर्दी एखाद्या जनावरासारखी वाटते आणि तो माणूस अगदी असहाय, आणि वाचणाऱ्यालाही गुदमरल्यासारखं होतं. हाच इफेक्ट. ‘वाचकाला पुढे वाचावंसं वाटतं’ हे मात्र कृपा करून लिहू नकोस, ते कुठल्याही वाक्याला चालतं.

उत्तर २:
+१. आणि लेख खऱ्या घटनेवर असतो हे विसरू नका, लेखकाला तुमचं मत वळवायचं असतं, म्हणून ‘वी’ (आपण) म्हटलंय की ‘दे’ (ते लोक) तेही बघा. प्रश्नात दिलेल्या ओळींच्या बाहेरचे कोट घेऊ नका, माझे मार्क तिथेच गेले होते.

प्रश्न विचारणारी:
‘चावणंसुद्धा नाही’ वाचून एकदम क्लिक झालं! आजच एक उतारा घेऊन बसते.